न हलणाऱ्या जहाजावरचा तलाव

फाटकावरची जुनी पाटी दोन खलाशांनी शिडी लावून उतरवली तेव्हा थर्झा लार्टर तिथेच उभी होती. 'सीहॉली सुट्टी कॅम्प, या आणि हसा' अशी पिवळ्या अक्षरांची ती पाटी त्यांनी गवतावर पालथी घातली आणि तिच्या जागी पांढऱ्यावर काळं असं एकच नाव ठोकलं: टर्नस्टोन. युद्ध सुरू झालं होतं, आणि त्या दिवसापासून इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या वाळूवर उभा असलेला तो कॅम्प आरमारी जहाज झाला.

जहाज झाला म्हणजे नुसता म्हणायला नव्हे. निळ्या, गुलाबी, पुदिन्याच्या रंगाच्या लाकडी खोल्यांत लेस्टरच्या मोज्यांच्या गिरण्यांतली माणसं पोराबाळांसह आठवडाभर येऊन राहायची. त्या खोल्या आता केबिन झाल्या. जमिनीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली. नाचाच्या दिवाणखान्यात झोपायचे झुले टांगले, आणि भिंतीवर रंगवलेले पोपट नि ताडाची झाडं त्यांत झोपलेल्या नव्या भरतीच्या पोरांकडे बघत राहिली. फाटकाबाहेर पाऊल टाकणं म्हणजे किनाऱ्यावर उतरणं, आणि किनाऱ्यावर उतरायचं तर होडी हवी. होडी कुठे नव्हतीच. ठरल्या वेळी सगळ्यांनी फाटकाशी रांग धरायची, पहारेकऱ्यानं 'होडी सुटली' असं ओरडायचं, की मग सरळ रस्त्यानं चालत घरी.

एकदा तिथल्या धोबीखान्यातली इस्त्री लांबली आणि थर्झाची होडी चुकली. फाटक सताड उघडं.

"होडी गेली, बाई," पहारेकरी म्हणाला.

"कुठं गेली? मला तर रस्ता दिसतोय."

"तो समुद्र आहे."

"त्या समुद्रावरून आत्ताच दूधवाल्याचं घोडं गेलं."

"घोड्याला पोहता येत असेल," पहारेकरी म्हणाला, आणि पुढची होडी सुटेपर्यंत त्यानं तिला हलू दिलं नाही.

शांततेच्या दिवसांत थर्झा तलावावर होती. सगळा उन्हाळा तिचा पाण्यात जायचा. गिरणीवाल्यांच्या फिक्या, काटकुळ्या पोरांना ती पाण्यावर पडून तरंगायला शिकवायची. रस्त्यानं जाणाऱ्याला आतली मजा दिसावी म्हणून मालकानं तो तलाव मुद्दाम रस्त्याकडेला बांधला होता, आणि पाणी समुद्रातूनच पंपानं ओढून घेतलेलं असे. आता आरमाराला तलावावर बाई नको होती, धोबीखान्यात हवी होती. म्हणून ती वाफेत उभी राहून खलाशांच्या रुंद पायांच्या विजारी उकळत असे.

तिची सासू केझाया हिला तेही पसंत नव्हतं. घरचा पुरुष होडी घेऊन निघाला त्या दिवशी त्या घरात धुणं धुवायचं नाही. धुतलं तर तो लाटेसरशी धुऊन जातो, हे त्या गावातल्या प्रत्येक बाईला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

"तू तर अख्खं जहाजच रोज धुतेस," केझाया म्हणायची. "त्या पोरांच्या आयांना कुणी सांगितलंय का?"

"हे जहाज कुठं जात नाही, आई."

"म्हणून वाचलीत सगळी."

ऑक्टोबरात केझायाचा धाकटा मुलगा आमोस त्याच जहाजावर भरती होऊन आला. घरापासून चालत पाव तासाच्या वाटेवर. पण आरमाराच्या लेखी तो आता समुद्रावर होता, आणि आई किनाऱ्यावर.

*

त्याच्या तुकडीचे पोहण्याचे धडे सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी थर्झा पंच्यांचा गठ्ठा घेऊन तलावाकडे गेली. काठावर पोरं कुडकुडत उभी होती, आणि त्यांना शिकवणारा चीफ पास्को हातात लांब बांबू धरून गरजत होता. पास्को कॉर्नवॉलचा. डोक्यावर एक केस नाही, उभा जन्म समुद्रावर गेलेला. आता गुडघा कामातून गेला म्हणून त्याला या न हलणाऱ्या जहाजावर टाकलं होतं. कदाचित म्हणूनच, हे जहाज आहे, यावर त्याच्याइतका गाढ विश्वास दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"या काठापलीकडे समुद्र!" तो ओरडत होता. "काठाअलीकडे जहाज! जो पाण्यात पडला तो जहाजावरून पडला! समजलं?"

"समजलं, चीफ!"

एकेकजण उडी मारत होता. कोळशाच्या खाणीतली पोरं, मोज्यांच्या गिरणीतली पोरं. उडी मारायची, नाकातोंडात पाणी घ्यायची, बांबू धरून वर यायची आणि शिव्या देत हसायची. रांगेच्या शेवटी आमोस उभा होता. कोरडा ठाक.

"लार्टर, हा चौथा दिवस," चीफ म्हणाला. "बगळ्यासारखा किती दिवस उभा राहणार आहेस?"

"मी उतरणार नाही, चीफ."

"अरे, तू कोळ्याचा पोर ना?"

"म्हणूनच, चीफ."

पोरं खदखदली. "त्याला खेकडा चावेल, चीफ!" कुणीतरी ओरडलं. आमोसचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही.

पंचे ठेवून थर्झा निघाली तेव्हा चीफ लंगडत तिच्यामागून आला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"मिसेस लार्टर, हा तुमचा दीर ना? तुम्ही इथं पोरांना शिकवायचात, असं ऐकलं. माझ्याकडे बांबू आहे. भित्र्याला ढकलायला तो पुरतो. पण हा भित्रा नाही, आणि न भिणाऱ्याचं काय करायचं ते मला कळत नाही. पुढच्या आठवड्यात यांची तुकडी सुरुंग काढणाऱ्या बोटींवर जाणार. पोहता येवो न येवो, जाणार. त्या बोटी..." तो थांबला. "तुम्ही बोलून बघा."

*

वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये थर्झानं आमोसला गाठलं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा एवढासा होता. तिच्या स्कर्टला धरून खेकड्यांच्या टोपल्या मोजायचा.

"का रे असं करतोस?"

"तुला माहीत नाही?"

तिला माहीत होतं. या किनाऱ्यावरचा कोळी पोहायला शिकत नाही. बापानं शिकायचं नाही, मुलाला शिकू द्यायचं नाही. समुद्रानं माणूस मागितलं तर द्यायचं, हातपाय मारून त्याचा अपमान करायचा नाही. आणि त्यानं घेतलेलं माणूस कुणी हिसकून आणलं, तर तो त्याच्या बदली दुसरं मागून घेतो.

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, तिच्या नवऱ्याची, रूबेनची, होडी किनाऱ्याला लागता लागता लाटेत उलटली. इतक्या जवळ, की वाळूवरच्या बायकांना पुरुषांचे चेहरे ओळखू येत होते. थर्झा तलावावरून धावली ती पोहण्याच्या कपड्यांतच. ती पाण्यात शिरली, रूबेनपर्यंत पोचली आणि त्याला घेऊन आली. पण तोवर त्याच्यात काही उरलं नव्हतं. गाव अजून बोलायचं ते तिच्या उघड्या पायांबद्दल.

"रूबेनला पुरलं त्या दिवशी आईनं माझ्याकडून शब्द घेतला," आमोस म्हणाला. "समुद्राचं पाणी कमरेवर येऊ द्यायचं नाही. होडीतून जायचं, होडीतून यायचं."

"पण हा समुद्र कुठंय, माझ्या सोन्या? हा तलाव आहे. याच्यात मी लेस्टरच्या पोरांची नाकं पुसलीत."

"मी बोट बुडवून तोंडात घातलं. खारट आहे. आणि चीफ म्हणतो समुद्र आहे." आमोसनं तिच्याकडे इतक्या सरळ पाहिलं की तिला हसू आलं नाही. "माझ्या केबिनमधले सगळे चीफला हसतात. मी नाही हसत. मी शपथ घेऊन या जहाजावर चढलोय. हे जहाज खरं, तर ते पाणीही खरं."

थर्झा तडक चीफकडे गेली.

"चीफ, एकदाच म्हणा. हा समुद्र नाही, तलाव आहे, असं. त्याच्यासमोर."

चीफनं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत टोपी घातली.

"मिसेस लार्टर, यातल्या निम्म्या पोरांनी इथं येईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. खरं जहाज मिळायच्या आधी त्यांच्या अंगात जहाज मुरायला मला काही आठवडेच मिळतात. मी एकदा तलाव म्हटलं, की उद्या डेकची जमीन होईल, परवा केबिनची सुट्टीची खोली होईल आणि तेरवा ही पोरं माझ्याकडे आइस्क्रीम मागतील. मी एखाद्यासाठी खोटं बोलेनही. पण हे खोटं नाही बोलता यायचं मला."

दोघंही आपापल्या जागी खरे होते, आणि मधल्यामध्ये पोर कोरडं उभं होतं. ते मोकळं करणं आता एकाच माणसाच्या हातात होतं.

*

संध्याकाळी केझाया चुलीपाशी होती. मोठ्या पातेल्यात डंपलिंग शिजत होते. डंपलिंग म्हणजे पावाच्या फुगलेल्या पिठाचे गोळे, उकळत्या पाण्यात सोडायचे, वर झाकण घालायचं, आणि मग राजा दारात आला तरी झाकण उचलायचं नाही. केझायाचे गोळे कापसासारखे व्हायचे नि पाण्यावर तरंगायचे. आसपासच्या तीन गावांत तिच्या गोळ्यांची कीर्ती होती, आणि ती तिला ठाऊक होती.

"आई, आमोसला शब्दातून मोकळं करा."

केझायाची पाठ ताठ झाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"जहाजावर चढणाऱ्या बाईनं मला शब्दाचं सांगू नये."

"तो पुढच्या आठवड्यात जाणार. सुरुंग असलेल्या पाण्यात."

"मला ठाऊक आहे तो कुठं जाणार."

"मग?"

आता केझाया वळली. "मग काय? समुद्रानं रूबेनला घेतलं होतं. घेतलं होतं, आणि तू त्याच्या हातातून ओढून आणलंस. मी वाळूवर उभी होते, मी पाहिलं. तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं. हा आता दुसरं मागणार. आणि मला दुसरं एकच आहे. पोहायला शिकून त्याला आणखी डिवचू म्हणतेस?"

ही गोष्ट त्या घरात सहा वर्षं जेवायला बसत होती, पण कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं. थर्झा बाकावर बसली. तिचे हात धुण्यानं सुरकुतले होते.

"मी काय ओढून आणलं, आई? जीव तर त्यानं ठेवूनच घेतला. मी नुसता तुमचा मुलगा घरी आणला. चर्चच्या भिंतीवर समुद्रातून परत न आलेल्यांची किती नावं आहेत बघा. त्यांच्या आयांना बसायला वीतभर माती नाही. तुम्ही रविवारी कुणाच्या उशाशी जाऊन बसता?"

 पातेल्याचं झाकण वाफेनं खडखडत होतं.

"मी पोचले तेव्हा तो अजून गरम होता," थर्झा म्हणाली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. "तो बुडाला तेव्हा माझ्यात नि त्याच्यात एका हाकेचं अंतर होतं. पोहायची गरजच नव्हती त्याला. नुसतं पडून राहायला हवं होतं, पाण्यावर, उताणं, तेवढा वेळ. मी येतच होते."

"माणूस जड," केझाया पुटपुटली. "माणूस कसं पडून राहील पाण्यावर?"

"तुमचे गोळे कसे राहतात?"

"त्यांच्यात वारा भरलेला असतो."

म्हणून गेली आणि पातेल्याकडे वळली. मग केझायानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. हात पुढे केला आणि वेळ व्हायच्या आधी झाकण उचललं. वाफ निघून गेली, गोळे बसले, एकेक करून तळाशी गेले. ती कितीतरी वेळ पातेल्यात बघत राहिली.

त्या संध्याकाळी दोघींनी दगडासारखे गोळे रश्श्यात कुस्करून खाल्ले. कुणी नावं ठेवली नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याकडेच्या काटेरी तारेपाशी एक काळा कोट येऊन उभा राहिला. रांगेतल्या पोरांनी आधी पाहिला, मग आमोसनं. त्याचा चेहरा पडला.

चीफ तारेजवळ गेला. थर्झा पंचे घेऊन आलीच होती, तीही थबकली.

"आत या ना, बाई. पहारेकऱ्याला सांगतो."

"मी नाही जहाजावर पाय ठेवायची," केझाया म्हणाली. "बाई जहाजावर चढली की काय अपशकुन होतो ते तुला ठाऊक असेल. खलाशी दिसतोस."

चीफ पास्को क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. महिनाभर पाववाला हसत होता, पोस्टमन हसत होता, पाद्रीसुद्धा हसला होता. जहाजाला जहाज मानणारी बाहेरची ही पहिलीच होती. त्यानं टोपी काढून बगलेत धरली.

"खरं आहे, बाई. माफ करा."

"हे पाणी समुद्राचं का?"

"समुद्राचंच. त्या तिकडून पंपानं येतं आणि तिकडेच परत जातं."

"म्हणजे माझा पोर खरं बोलला."

"तुमचा पोर खरंच बोलतो, बाई. तोच तर माझा त्रास आहे."

केझायानं मान हलवली. शत्रू उतरू नये म्हणून उन्हाळ्यात सैन्यानं वाळूत सुरुंग पेरले होते, तेव्हापासून किनाऱ्यावर कुणाला पाऊल ठेवता येत नव्हतं. गावातल्या बायकांना समुद्र दिसायचा, पण त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलता येत नव्हते. आणि इथं तो तिच्यापासून दहा पावलांवर होता. फरशीच्या चौकटीत धरलेला, हिरवट, वाऱ्यानं शहारलेला.

तिनं तारेतून हात आत घातला, चांगला कोपरापर्यंत.

"ऐक रे," ती त्या पाण्याला म्हणाली. आवाज कोंबडी हाकलतानाचाच होता. "माझा नवरा तुझ्यावर जगला, सासरा तुझ्यावर जगला. मोठा तू घेतलास. हिनं आणलं ते नुसतं त्याचं अंग आणलं, तुझं काही चोरलं नाही. तुझं माझं देणंघेणं फिटलं. हा माझा आहे. हा तुझ्यावर येऊन पडेल, तेव्हा त्याला वर धर. मी तुझ्या तोंडावर सांगतेय."

पोरांपैकी एकही हसलं नाही.

"आमोस! तुला शब्दातून सोडलं. उतर. आणि ही सांगते तसं कर."

आमोसनं चीफकडे पाहिलं, चीफनं थर्झाकडे. मग चीफ गरजला, "लार्टर, पाण्यात!" आमोस पायऱ्या उतरला. गुडघा, मांडी, कंबर. कमरेशी तो थांबला. दात वाजत होते. मग एक पाऊल आणखी, आणि पाणी छातीवर आलं.

"चीफ, मला आत जाऊ द्या," थर्झा म्हणाली.

"खलाशांशिवाय कुणी या समुद्रात उतरायचं नाही, असा हुकूम आहे." चीफनं गंभीर चेहऱ्यानं खिशातली शिट्टी काढली. "अर्थात, कुणी जहाजावरून पडलं तर त्याला वाचवायला कुणीही जाऊ शकतं." आणि जोरात शिट्टी फुंकून तो ओरडला, "माणूस पाण्यात पडला!"

थर्झानं बूट भिरकावले आणि धोबीखान्याच्या झग्यासकट उडी घेतली. पाणी सुरीसारखं गार होतं. सहा उन्हाळे तिनं परक्यांची लेकरं या पाण्यावर निजवली होती, आणि घरचं एक तेवढं कोरडं राहिलं होतं.

"मान माझ्या हातावर टाक. असं. पोट वर. आकाशाकडे बघ."

तो लाकडासारखा ताठ झाला, कमरेत वाकला आणि बुडाला. खोकत वर आला. तारेपाशी केझायाच्या मुठी आवळल्या.

"छातीत वारा भर!" ती ओरडली. "आणि दाबून धर! झाकण उघडू नकोस!"

"कसलं झाकण, आई?"

"तोंड मिट रे!"

आता मात्र पोरं हसली, आणि आमोसही हसला, आणि हसला म्हणून सैल पडला. थर्झानं त्याची मान पुन्हा तळव्यावर घेतली. लेस्टरच्या पोरांना म्हणायची ते गाणं तिच्या ओठांवर आलं. तिनंच कधीतरी जुळवलेलं, अर्धं अंगाईसारखं, अर्धं दळताना म्हणावं तसं:

"नीज माझ्या राजा, पाण्याच्या गादीवर
आभाळाची चादर, घे रे अंगावर
कान बुडू देत, डोळे राहू देत
लाट आली तर, म्हण तिला, ये वर"

कान बुडाले. बाहेरचे आवाज बंद झाले तसा आमोसच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. छाती वर आली. थर्झानं एक बोट काढलं, मग दुसरं, मग तळवा खाली नेला, आणि तो तिथंच राहिला. पांढरा, कुडकुडणारा, आभाळाकडे डोळे लावून, पाण्यावर.

 चीफचा बांबू आडवाच राहिला.

वारा समुद्राकडून होता. त्यानं आमोसला हळूहळू हलवायला सुरुवात केली, उथळ बाजूकडून खोल बाजूकडे. थर्झा बाजूनं पोहत राहिली, पण हात लावला नाही. तारेबाहेर केझायाही चालू लागली. मुलाच्या बरोबरीनं, एकेक पाऊल, कोटाची कड तारेला अडकून फाटत होती तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, छाती भरलेली. तिचा चेहरा लाल होत चालला.

थर्झानं ते पाहिलं.

"आई," तिनं पाण्यातून हाक मारली. "श्वास सोडा. तो आपला आपण राहतोय."

केझाया थांबली. तारेला धरून तिनं तो सोडला, एवढा मोठा, की रस्त्यापलीकडच्या कुंपणावरची चिमणी उडाली. मग तिनं डोळे बारीक करून पाण्याकडे पाहिलं.

आमोस तरंगतच होता.